फिनलंडची कागद निर्यात : ब्रिटन व रशिया या दोन बाजारपेठांची तुलना

फिनलंड हा उत्तर यूरोपातील सु. ३,३८,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा व सु. ५५ लक्ष लोकवस्तीचा छोटा देश. त्याच्या भूक्षेत्रापैकी सु. तीन-चतुर्थांश भाग अरण्यांनी व्यापलेला असून लाकूड, लगदा व कागद यांच्या निर्यातीवर त्याचे अर्थकारण दीर्घकाळ उभे होते. लोकसंख्या अल्प असल्यामुळे तेथे तयार होणाऱ्या कागदाचा फार मोठा भाग परदेशीच विकावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या कागदाच्या इतिहासात दोन गिऱ्हाइकांना विशेष महत्त्व आले : पूर्वेकडील रशिया (१९२२–९१ या काळात सोव्हिएट संघ) व पश्चिमेकडील ग्रेट ब्रिटन. दोहोंना जाणारा माल एकाच अरण्यातील लाकडाचा व पुष्कळदा एकाच कारखान्यातील असे. तथापि किंमत ठरविण्याची रीत, मोबदला मिळण्याची रीत, वाहतूक आणि व्यापारातील जोखीम या सर्व बाबतींत हे दोन व्यवहार एकमेकांपासून अगदी भिन्न होते. छोट्या देशाने एका गिऱ्हाइकावर कितपत विसंबावे, या प्रश्नाचे हे एक बोधप्रद उदाहरण होय.

तुलनेची परिमाणे : दोन देशांना होणाऱ्या निर्यातीची तुलना वरवर पाहता सोपी वाटते. प्रत्येकाला गेलेल्या मालाची रक्कम काढावी व ज्याची रक्कम मोठी, ती बाजारपेठ अधिक महत्त्वाची मानावी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मात्र काही गोष्टींचा आधी उलगडा करावा लागतो. पहिली गोष्ट, वस्तूची व्याप्ती. व्यापारी आकडेवारीत लगदा, कागद व पुठ्ठा आणि छापील माल हे स्वतंत्र गट असतात. एका देशाच्या बाबतीत लगदा धरला आणि दुसऱ्याच्या बाबतीत वगळला, तर तुलना निरर्थक ठरते. दुसरी गोष्ट, वजन व मूल्य यांतील भेद. वृत्तपत्री कागदाचा एक टन आणि सचित्र नियतकालिकांसाठी लागणाऱ्या लेपित कागदाचा एक टन यांच्या किंमतींत मोठी तफावत असते. म्हणून वजनाने मोठी असणारी निर्यात मूल्याने लहान असू शकते. तिसरी गोष्ट, आकडे कोणी नोंदले. निर्यात करणारा देश सामान्यतः मालाची किंमत आपल्या बंदरापर्यंतची धरतो, तर आयात करणारा देश तीत वाहतूक व विमा यांचा खर्च मिळवितो. त्यामुळे एकाच मालाची नोंद दोन्ही देशांत वेगवेगळ्या रकमांनी होते. चौथी गोष्ट, चलन. पौंडांत मिळालेली रक्कम कोठेही खर्च करता येते, पण समाशोधन खात्यावर रूबलमध्ये जमा झालेली रक्कम फक्त सोव्हिएट माल घेण्यासाठीच वापरता येत असे. दोन्ही रकमा फिनिश मार्कांत रूपांतरित केल्या, तरी त्या समान ठरत नाहीत.

टक्केवारीचा अर्थ लावतानाही सावध राहावे लागते. एखाद्या देशाची एकूण कागद निर्यात १० लक्ष टन असून तीतील ३ लक्ष टन एका गिऱ्हाइकाकडे जात आहे, असे समजू. काही वर्षांनी एकूण निर्यात २० लक्ष टन झाली व त्या गिऱ्हाइकाने ३.५ लक्ष टन घेतले, तर त्याचा हिस्सा ३० टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर येतो. आकड्यावरून बाजारपेठ आक्रसल्याचा भास होतो, परंतु खरेदी वाढलेलीच असते. म्हणून हिस्सा, प्रत्यक्ष वजन व दर टनामागील किंमत ही तिन्ही एकत्र पाहणे इष्ट ठरते.

उद्योगाची उभारणी : फिनलंडमधील पहिला कागद कारखाना १६६७ मध्ये देशाच्या नैर्ऋत्य भागातील पोह्या परगण्यात निघाला. त्या काळी कागद चिंध्यांपासून करीत. टांपेरे येथील फ्रेंकेल कारखान्यात १८४२ मध्ये देशातील पहिले कागदयंत्र बसविण्यात आले. यूरोपात साक्षरता व वृत्तपत्रे वाढू लागताच चिंध्यांचा पुरवठा अपुरा पडू लागला. अशा वेळी फ्रीड्रिख गोटलोप केलर या जर्मन विणकराने १८४० नंतरच्या दशकात लाकूड दगडी जात्यावर घासून त्याचा लगदा करण्याची पद्धती शोधून काढली आणि कागदाचा कच्चा माल चिंधीवाल्याच्या पोत्यातून अरण्यात गेला. फिनलंडजवळ स्प्रूस, पाइन व बर्च यांची विपुल अरण्ये, ओंडके वाहून आणणाऱ्या नद्या आणि जाती फिरविण्याजोगे धबधबे होते. फ्रेद्रिक ईदेस्ताम या अभियंत्याने १८६५ मध्ये टांपेरे येथे लाकडी लगद्याची गिरणी काढली. तिच्यातूनच पुढे नोकिया ही कंपनी उदयास आली. क्यूमी नदीच्या खोऱ्यात क्यूमी व कूसांकोस्की हे कारखाने १८७२ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी स्थापन झालेली व्हेर्ला येथील लगदा व पुठ्ठा यांची गिरणी १९६४ पर्यंत चालू होती. ती आता संग्रहालयाच्या रूपात जतन केलेली असून १९९६ मध्ये यूनेस्कोने तिचा जागतिक वारसा-स्थळांत समावेश केला.

रशियन साम्राज्याची बाजारपेठ (१८०९–१९१७) : स्वीडनच्या अमलाखालील फिनलंड १८०९ मध्ये रशियाकडे आला व त्याला स्वायत्त महाडचीचा दर्जा मिळाला. स्वायत्ततेमुळे फिनलंडची जकात व्यवस्था रशियापासून वेगळी राहिली आणि १८६० मध्ये त्याला मार्क हे स्वतःचे चलनही मिळाले. १८५९ च्या जकात नियमांनुसार बऱ्याचशा फिनिश मालाला रशियात विनाजकात वा अल्प जकातीने प्रवेश मिळे. याउलट जर्मनी व इतर देशांच्या मालाला रशियाच्या चढ्या जकातीस तोंड द्यावे लागे. हेलसिंकीकडील लोहमार्ग १८७० मध्ये सेंट पीटर्झबर्गला जोडला गेला. दोन्हीकडील रुळांचे अंतर सारखेच असल्यामुळे कागदाचे गठ्ठे डब्यातून न उतरविता थेट राजधानीत पोहोचू लागले.

या काळातील फिनलंडच्या निर्यातीत एक लक्षणीय विभागणी आढळते. चिरीव लाकडाचा मोठा ग्राहक ब्रिटन होता, तर कागदाचा प्रमुख ग्राहक रशिया. तिचे कारण कागदाच्या प्रतीपेक्षा जकातीच्या भिंतीत होते. ब्रिटनने कागदावरील उत्पादन कर १८६१ मध्ये रद्द केला होता व मुक्त व्यापाराचे धोरण स्वीकारलेले होते. त्यामुळे तेथे फिनिश कागदाला स्वीडन, नॉर्वे, जर्मनी व खुद्द ब्रिटिश कारखाने यांच्याशी समान पातळीवर झुंजावे लागे. रशियात मात्र इतर परदेशी माल भिंतीबाहेर व फिनिश माल भिंतीच्या आत, अशी स्थिती होती. ही सवलत रशियन कारखानदारांच्या डोळ्यांत खुपू लागली. त्यांच्या तक्रारींवरून १८८५ मध्ये फिनिश कागदासह अनेक वस्तूंवरील जकात वाढविण्यात आली. फिनिश मार्क १८७८ मध्ये सुवर्णाशी निगडित झाला होता, तर रूबलची किंमत १८९७ मधील चलनसुधारणेपर्यंत अस्थिर राहिली. त्यामुळे विक्री रूबलमध्ये व मजुरी मार्कांत, या व्यवहारात निर्यातदारांना वेळोवेळी तोटा सोसावा लागे. तरीही रशियातील वाढत्या मागणीमुळे ही बाजारपेठ टिकून राहिली व पहिल्या महायुद्धात तर ती अधिकच तेजीत आली.

१९१७ च्या क्रांतीने हे सर्व एकाएकी संपुष्टात आले. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला, पण कागद कारखान्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि त्यांच्यापाशी साठलेले रूबल कवडीमोल ठरले. सवलतीच्या जकातीवर उभी राहिलेली बाजारपेठ सवलत देणारी सत्ता कोसळताच तिच्याबरोबर नष्ट होते, हा पहिला धडा फिनिश कारखानदारांना मिळाला.

ब्रिटनकडे वळण (१९१८–३९) : नव्या बाजारपेठा शोधण्यासाठी फिनिश कागद कारखान्यांनी १९१८ मध्ये ‘फिनपाप’ या नावाने ओळखला जाणारा संयुक्त विक्री संघ स्थापन केला. आपापसांत भाव पाडून नुकसान करून घेण्याऐवजी सर्वांचा कागद एका संघाने विकावा, मागणी कारखान्यांत वाटून द्यावी व प्रत्येक कारखान्याने ठराविक प्रतींच्या उत्पादनात प्रावीण्य मिळवावे, असे त्याचे धोरण होते. एकेकट्या लहान कारखान्याला लंडनच्या बाजारात वजन नव्हते. संघाला ते मिळाले.

ब्रिटिश बाजारपेठेच्या गरजा वेगळ्या होत्या. लाखो प्रती छापणाऱ्या चक्रमुद्रण यंत्रांना लांबच लांब, सारख्या जाडीची व न फाटणारी कागदाची गुंडाळी लागे. एका गुंडाळीतील कागद वारंवार तुटला, तर सबंध अंकाची छपाई खोळंबे. शिवाय प्रतिस्पर्धीही तोलामोलाचे होते. स्वीडन व नॉर्वे यांचा माल तेथे पूर्वीपासूनच जात होता आणि काही ब्रिटिश वृत्तपत्र-मालकांनी न्यू फाउंडलंडमध्ये स्वतःचे कारखानेच उभारले होते. त्यांपैकी ग्रँड फॉल्स येथील कारखाना १९०९ मध्ये सुरू झाला. या स्पर्धेमुळे फिनिश कारखान्यांना यंत्रसामग्री व प्रत सुधारणे भाग पडले. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण सोडताच पुढच्याच महिन्यात फिनलंडनेही ते सोडले. यावरून त्या देशाचे अर्थकारण पौंडाशी किती बांधले गेले होते, हे दिसून येते. १९३३ मध्ये दोन्ही देशांत व्यापारी करार झाला व त्या दशकात फिनलंडच्या एकूण निर्यातीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माल ब्रिटनला जाऊ लागला. याच काळात सोव्हिएट संघाशी असलेला व्यापार मात्र नाममात्र होता.

युद्धनुकसानभरपाई व समाशोधन व्यापार (१९४४–९०) : हिवाळी युद्धानंतर मार्च १९४० मध्ये झालेल्या मॉस्को तहान्वये फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएट संघाला द्यावा लागला, १९४४ च्या युद्धविरामाने ही हानी कायम झाली. तिच्यात व्हीपुरी हे महत्त्वाचे व्यापारी शहर, एन्सो व कॅकिसाल्मी येथील कारखाने आणि रासायनिक लगद्याच्या उत्पादनक्षमतेचा मोठा भाग होता. यांशिवाय १९३८ च्या किंमतींनुसार ३० कोटी डॉलर मोलाचा माल नुकसानभरपाई म्हणून देण्याचे बंधन फिनलंडवर आले. जहाजे व यंत्रे यांचा तीत मोठा भाग असून सु. एक-तृतीयांश भाग लाकूड, लगदा, कागद इ. अरण्योत्पादनांचा होता. पुढे ही रक्कम कमी करण्यात आली व सप्टेंबर १९५२ मध्ये तिची पूर्ण फेड झाली. या वर्षांत कागद पूर्वेकडे जात होता खरा, पण त्याचा मोबदला येत नव्हता. देशाला अन्न, इंधन व यंत्रे यांसाठी लागणारे परकीय चलन ब्रिटन व इतर पश्चिमी देशांना विकलेल्या लाकूड-कागदातूनच मिळवावे लागे.

नुकसानभरपाई संपत आली असतानाच १९५० मध्ये उभय देशांत पाच वर्षांचा व्यापारी करार झाला आणि त्यातून समाशोधन पद्धतीचा व्यापार स्थिर झाला. भारत व सोव्हिएट संघ यांच्यातील रुपया-व्यापार मराठी वाचकांना परिचित आहे. भारतही त्या पद्धतीने सोव्हिएट वृत्तपत्री कागद घेत असे. फिनलंडचा व्यवहार याच जातीचा, पण रूबलमध्ये मांडलेला होता. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांत एक खाते असे. फिनिश कारखान्याने कागद पाठविला की त्याला त्याचे पैसे आपल्या बँकेकडून मार्कांत मिळत व खात्यावर फिनलंडच्या नावे रूबल जमा होत. फिनिश आयातदाराने खनिज तेल आणले, की तो बँकेत मार्क भरी व खात्यावर रूबल खर्ची पडत. दोन्ही बाजू वर्षअखेर जवळजवळ समान राहाव्यात, अशी अपेक्षा असे. थोडी शिल्लक ठराविक मर्यादेपर्यंत चालत असे.

या पद्धतीचा एक परिणाम तेलाच्या संदर्भात ठळकपणे दिसून आला. सोव्हिएट तेलाची किंमत जागतिक भावानुसार आकारली जाई. १९७३ व १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा इतर आयातदार देशांना चलनटंचाई जाणवू लागली. फिनलंडच्या बाबतीत मात्र तेलाची रक्कम वाढताच खाते समान राखण्यासाठी सोव्हिएट संघाला फिनिश माल अधिक घ्यावा लागला. पश्चिमेत मंदी असताना पूर्वेकडील मागणी वाढली. १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सोव्हिएट संघाचा फिनलंडच्या एकूण निर्यातीतील हिस्सा सु. एक-चतुर्थांशापर्यंत गेला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर हेच चक्र उलटे फिरले. खात्यावर फिनलंडची शिल्लक साचली, पण तिच्यातून घेण्याजोगा माल नव्हता. अर्थात सोव्हिएट संघाला किती कागद विकला जाईल, हे मॉस्कोतील वाचकांच्या गरजेपेक्षा तेलाच्या भावावर अधिक अवलंबून होते.

ब्रिटन आणि यूरोपीय व्यापारसंघटना : याच कालखंडात ब्रिटनशी होणारा व्यापार खुल्या भावाने व परिवर्तनीय चलनात चालू होता. फिनलंड १९६१ मध्ये सहयोगी सदस्य या नात्याने यूरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी (एफ्टा) जोडला गेला. ब्रिटन हा या संघटनेतील सर्वांत मोठा ग्राहक होता. जकात टप्प्याटप्प्याने कमी होत जाऊन १९६७ पर्यंत फिनिश कागदाला ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश मिळाला. पूर्वेकडील शेजाऱ्याचा रोष ओढवू नये म्हणून फिनलंडने सोव्हिएट मालालाही तशीच जकात-सवलत दिली.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन एफ्टातून बाहेर पडून यूरोपीय आर्थिक समाजात सामील झाला. त्याचा फिनिश कागदाला मोठा धोका होता. समाजातील कागद उत्पादकांना संरक्षण देणारी सामायिक जकात आता ब्रिटनलाही लागू होणार होती. शिवाय स्वीडन व नॉर्वे यांनी समाजाशी मुक्त व्यापाराचे करार केल्यास फिनलंड एकाकी पडला असता. त्यामुळे फिनलंडने मे १९७३ मध्ये समाजवादी देशांच्या परस्पर आर्थिक साहाय्य मंडळाशी सहकार्याचा करार केला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये यूरोपीय समाजाशी मुक्त व्यापाराचा. दुसरा करार १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. बहुतेक औद्योगिक मालावरील जकात १९७७ पर्यंत नाहीशी झाली, परंतु कागदाची गणना ‘संवेदनक्षम’ वस्तूंत करण्यात आल्यामुळे त्याला पूर्ण मुक्ततेसाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले.

येथे दोन बाजारपेठांतील फरक स्पष्ट होतो. ब्रिटनमधील अडचण दहा वर्षांच्या वेळापत्रकाने आली, तिची वाटाघाट करता आली आणि कारखान्यांना तयारीस अवधी मिळाला. साध्या वृत्तपत्री कागदाऐवजी गुळगुळीत व लेपित अशा अधिक किंमतीच्या प्रतींकडे वळणे, हा त्या तयारीचा एक भाग होता. ब्रिटनमध्येच कारखाने काढणे, हा दुसरा. त्यांपैकी उत्तर वेल्समधील शॉटन येथे १९८५ मध्ये आणि स्कॉटलंडमधील अर्व्हिन येथे १९८९ मध्ये फिनिश कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. असे कारखाने निघाले, की फिनलंडची त्या मालाची निर्यात आकड्यांत कमी दिसते; परंतु बाजारपेठेवरील फिनिश कंपन्यांची पकड अधिक घट्ट झालेली असते. तुलना करताना हेही ध्यानात घ्यावे लागते.

दोन व्यापारांतील भेद : वाहतूक, किंमत व जोखीम या तीन दृष्टींनी हा भेद असा मांडता येईल. ब्रिटनला जाणारा कागद कोटका, हांको इ. बंदरांतून बाल्टिक व उत्तर समुद्र ओलांडून जाई. हिवाळ्यात फिनलंडची बंदरे गोठत असल्याने १८९० पासून बर्फ फोडणारी जहाजे वापरण्यात येऊ लागली. रशियाला जाणारा माल रेल्वेने, अल्पावधीत व अल्प खर्चात पोहोचे. भूगोल सर्वस्वी रशियाच्या बाजूने होता.

किंमतीच्या बाबतीत ब्रिटनमधील विक्री जगाच्या तेजीमंदीबरोबर वरखाली होई. १९५०–५१ मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी लगदा व कागद यांचे भाव भडकले व लवकरच कोसळले. अशा मंदीत फिनलंडने वेळोवेळी मार्काचे अवमूल्यन केले. १९५७ व १९६७ मधील मोठ्या अवमूल्यनांमागे लाकूड-कागद उद्योगाची स्पर्धाक्षमता टिकविणे, हा प्रमुख हेतू होता. त्याचा बोजा महागलेल्या आयातीच्या रूपाने सामान्य ग्राहकावर पडे. सोव्हिएट व्यापारात मागणी पाच वर्षांच्या करारात व वार्षिक यादीत आधीच नमूद केलेली असे. विक्रीचा खर्च थोडा, गिऱ्हाईक एकच व मागणी मोठी असे. तथापि अशा स्थैर्यामुळे प्रत सुधारण्याची निकड कमी होते. जो माल लंडनमध्ये विकला जातो तो इतरत्रही विकता येतो. एका सरकारी खरेदीदाराच्या यादीसाठी तयार केलेला माल तसा विकता येईलच असे नाही.

जोखमीचे स्वरूपही वेगळे होते. ब्रिटनकडील जोखीम लहान पण नित्याची होती. रशियाकडील जोखीम दीर्घकाळ अदृश्य असे व प्रकट होई तेव्हा संपूर्ण बाजारपेठच हातची जाई.

१९९१ नंतरचा काळ : सोव्हिएट संघाशी चालू असलेली समाशोधन पद्धती १९९० अखेर बंद झाली आणि १९९१ मध्ये तो देशच विघटित झाला. फिनलंडच्या एकूण निर्यातीतील त्याचा हिस्सा एका वर्षात सु. १३ टक्क्यांवरून सु. ५ टक्क्यांवर आला. देशांतर्गत बँकिंग संकटाची भर पडून फिनलंडमध्ये तीव्र मंदी आली व बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास गेली. कागद उद्योग मात्र तुलनेने लवकर सावरला. त्याचा मोठा भाग पश्चिमी बाजारपेठांसाठी उत्पादन करीत होता व १९९१ मधील अवमूल्यनाचा लाभ त्याला ताबडतोब मिळाला. केवळ सोव्हिएट मागणीवर पोसलेले तयार कपडे, पादत्राणे इ. उद्योग पुन्हा पूर्ववत उभे राहू शकले नाहीत.

१ जानेवारी १९९५ रोजी फिनलंड यूरोपीय संघात सामील झाला. संघाच्या स्पर्धाविषयक नियमांशी फिनपापची संयुक्त विक्री विसंगत असल्याने लवकरच त्याचे विसर्जन झाले. १९९६ मध्ये यूपीएम-क्यूमेने व १९९८ मध्ये स्टूरा एन्सो या बलाढ्य कंपन्या विलीनीकरणातून निर्माण झाल्या. २००० नंतर रशियातील सचित्र नियतकालिकांची वाढ होऊन लेपित कागदाला तेथे पुन्हा मागणी आली. या वेळी व्यवहार खुल्या चलनात होता. मात्र आता फिनिश कारखाने रशियातून लाकूड, विशेषतः बर्च, विकत घेत होते. रशियाने २००७ पासून गोल लाकडावरील निर्यातजकात वाढवीत नेल्यामुळे शेजाऱ्यावरील अवलंबित्व केवळ विक्रीचेच नव्हे, तर कच्च्या मालाचेही असू शकते, हे निदर्शनास आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण प्रमाणावर आक्रमण केल्यानंतर प्रमुख फिनिश कागद कंपन्यांनी रशियाला होणारी विक्री व तेथून होणारी लाकूडखरेदी थांबविली. अशा रीतीने सु. शंभर वर्षांत तिसऱ्यांदा ही बाजारपेठ राजकीय कारणाने बंद झाली.

ब्रिटिश बाजारपेठेतही मोठे बदल झाले, परंतु त्यांची जात वेगळी होती. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी यूरोपीय संघातून बाहेर पडला. त्यानंतरच्या करारामुळे कागदावर जकात बसली नाही, तथापि सीमेवरील कागदपत्रे व तपासणी यांचा खर्च वाढला. याहून मोठा आघात वाचकांच्या सवयींतील बदलाचा होता. वृत्तपत्रे व नियतकालिके संगणक व भ्रमणध्वनी यांच्या पडद्यावर वाचली जाऊ लागल्याने छपाईच्या कागदाचा खप पश्चिम यूरोपात सातत्याने घटत गेला. २००७ च्या सुमारास फिनलंडमधील कागद व पुठ्ठा यांचे वार्षिक उत्पादन सु. १४० लक्ष टन होते. त्यानंतर व्होइका (२००६ मध्येच), सुम्मा व कायानी (२००८), म्यूल्लुकोस्की (२०११) इ. ठिकाणचे कागद कारखाने एकामागून एक बंद पडले. २०२० अखेर काइपोला येथील कारखाना बंद झाला व फिनलंडमधील वृत्तपत्री कागदाचे उत्पादन थांबले. गावात एकच कारखाना असलेल्या कामगार कुटुंबांना याची झळ सर्वाधिक लागली. उरलेल्या कारखान्यांचा भर वेष्टनाचा पुठ्ठा, लगदा व विशेष प्रतींचा कागद यांवर वाढत गेला.

निष्कर्ष : या दोन बाजारपेठांची तुलना केवळ हिश्श्याच्या आकड्यांवरून केली असता, कोणत्याही एका वर्षी ज्याची खरेदी मोठी तो भागीदार अधिक महत्त्वाचा, असे उत्तर मिळते. दीर्घ काळाचा विचार केला असता उत्तर बदलते. रशियाची बाजारपेठ जवळची, मोठी व काही काळ अत्यंत लाभदायक होती. परंतु १९१७ पूर्वी ती जकातीच्या सवलतीवर व १९५० नंतर तेलाच्या बदल्यावर आधारलेली होती. हे आधार सरकारांनी निर्माण केलेले होते व सरकारे बदलताच ते नाहीसे झाले. ब्रिटनची बाजारपेठ दूरची व स्पर्धेची होती, पण तिने मिळवून दिलेले चलन कोठेही चालत होते आणि तिच्यासाठी सुधारलेला कागद जगात इतरत्रही विकला जात होता. अर्थात तीही शाश्वत ठरली नाही. तिच्यात शिरलेली मंदी करारांनी वा अवमूल्यनांनी टळणारी नव्हती, कारण तेथे गिऱ्हाईक रुष्ट झालेले नसून त्याची गरजच बदलली होती.

म्हणून छोट्या देशाच्या निर्यातीची सुरक्षितता मोजताना तीन प्रश्न विचारावे लागतात : मिळालेला मोबदला इतरत्र खर्च करता येतो काय, हाच माल दुसऱ्या गिऱ्हाइकास विकता येईल काय आणि बाजारपेठ बदलण्यास किती अवधी मिळेल. फिनलंडने दोन्ही बाजूंचे व्यापार दीर्घकाळ एकाच वेळी सांभाळले. संकटांच्या वेळी त्याला तारले ते यांपैकी कोणत्याही एका गिऱ्हाइकाने नव्हे, तर एक दार बंद झाले असता दुसरीकडे वळता येण्याच्या क्षमतेने.